आप्पांचं बोट

रोज सकाळी आप्पा प्लांटच्या प्रयोगशाळेत यायचे आणि बोट दाखवायचे. एवढंच त्यांचं काम उरलं होतं, पण त्या एका कामाचा रुबाब असा, की बाकीच्यांनी दिवसभर घाम गाळला तरी त्याची सर यायची नाही. निवृत्त झालेल्या माणसाला ऑफिसातले लोक हळूहळू ओळखेनासे होतात. आप्पांना ओळखेनासं व्हायची मात्र कोणाची छाती नव्हती. प्लांटचे आत्ताचे साहेब हे त्यांचे जावई, प्रयोगशाळेतली केमिस्ट ही त्यांची धाकटी मुलगी, आणि आवारातल्या साहेबांच्या बंगल्यात पुढची, उन्हाची खोली त्यांची. चहा झाला की काठी टेकत अंगण ओलांडायचं, की आलीच प्रयोगशाळा.

तिथे लांब टेबलावर काचेचे सहा जार ओळीने मांडलेले असायचे. सगळ्यांत धरणाचं कच्चं पाणी आणि डावीकडून उजवीकडे चढत्या मापाने तुरटी. डावीकडच्या पहिल्या जारमध्ये अजिबात नाही, उजवीकडच्या शेवटच्या जारमध्ये सगळ्यात जास्त. वरून छोट्या पट्ट्या फिरून पाणी ढवळायच्या, मग थांबायच्या, आणि गाळ सावकाश खाली बसायचा. ज्या जारमधलं पाणी सगळ्यात चांगलं निवळलं, त्या जारचा डोस त्या दिवशी अख्ख्या गावाच्या पाण्याला. आप्पा खुर्ची ओढून बसत, डोळे जारच्या उंचीला आणत, खालचा ओठ चावत आणि उजव्या हाताचं पहिलं बोट एका काचेवर टेकवत.

"हा."

"बरं, आप्पा," केमिस्ट म्हणायची.

मग आप्पा उठायचे, जाता जाता कोणाच्या तरी दाढीला नाहीतर सुटलेल्या पोटाला नावं ठेवायचे आणि घरी जायचे. त्यांची पाठ वळली की केमिस्ट भलत्याच जारचा डोस लावायची.

हे गुपित तिचं एकटीचं होतं आणि ती ते कित्येक महिने सांभाळत होती.

आप्पांच्या काळात पाणी नदीचं होतं. मातकट आणि गढूळ, पण मनाने सरळ. तुरटी टाकली की माती खाली, पाणी वर, आणि वाळूच्या थरातून गेलं की झालं. त्या पाण्यावर आप्पांनी राज्य केलं. पुढे नदी आटत चालली, तेव्हा वरच्या जंगलात धरण बांधलं आणि प्लांटला नवीन पाणी आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यात मातीचा कण नाही. आरपार दिसतं, फक्त तपकिरी. जंगलातली पानं, साली, मुळं त्यात वर्षानुवर्षं कुजलेली आणि त्यांचा अर्क पाण्यात विरघळलेला. कागदातून गाळा, फडक्यातून गाळा, तो पाण्याबरोबर तसाच खाली उतरतो. त्याला पाण्याबाहेर ओढायचं तर तुरटी जास्त लागते, सोबत थोडं ॲसिड लागतं आणि मुख्य म्हणजे रंग ओळखणारा डोळा लागतो.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गढूळपणा त्यांना अजून कळायचा. पण ज्याला भिंतीपासून भातापर्यंत सगळंच पिवळट दिसतं, त्याला तपकिरी पाणी वेगळं कसं दिसणार? डावीकडचे जार त्यांना स्वच्छ वाटायचे, मधले अर्धवट जमलेल्या गाळाने धुरकट, उजवीकडचे पुन्हा स्वच्छ. आणि दोन जार सारखेच स्वच्छ असतील तर कमी तुरटीचा घ्यायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. म्हणून बोट रोज डावीकडे जायचं. तिथे जंगलाचा सगळा अर्क पोटात घेऊन पाणी आरामात उभं असायचं.

एक दिवस केमिस्टच्या हे लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "आप्पा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"का? माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझं लग्न कोणाशी होतंय ते दिसलं होतं तेव्हा, आणि तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलंस?"

विषय तिथेच मिटला. पुढे बोलायचं तर "तुम्ही रोज चुकताय" हे तोंडावर सांगावं लागलं असतं. आई गेली तेव्हा आप्पांनी अन्न सोडल्यात जमा होतं. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांना तिथून उठवलं ते या टेबलाने. तिनेच एका सकाळी खोटं खोटं म्हटलं होतं, "आप्पा, मला आज जार कळत नाहीयेत, जरा येता का?" आणि आप्पा दाढी करून आले होते. आपल्या बापाचं बोट चुकतं हे त्याला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी पक्की केली. त्यासाठी ती कोणाशीही खोटं बोलायला तयार होती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक यंत्र होतं. पाण्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडायचा, आणि अर्क किती उरला ते यंत्र सांगायचं. आप्पा त्याला "तुझी बॅटरी" म्हणून हिणवायचे. आप्पा गेले की ती दार लोटून घ्यायची, त्या बॅटरीला विचारायची आणि गुपचूप खरा डोस लावून यायची. ऑपरेटरला वाटायचं, आप्पांनी सांगितलेला तो हाच.

आता साहेबांकडे वळू. केमिस्ट त्यांची बायको; त्यांना घरी "तू" म्हणायची आणि प्लांटवर "साहेब". साहेबांचा जीव होता मेम्ब्रेनमध्ये. नळकांड्यांच्या रांगा, प्रत्येकीत पांढऱ्या पोकळ दोऱ्यांचे जुडगे, आणि त्या दोऱ्यांच्या अंगाला इतकी बारीक छिद्रं की त्यातून पाणी तेवढं जावं, जंतू जाऊ नये. जुनी वाळू काढून हे बसवायला साहेबांनी वरच्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले होते. घरात मूल नव्हतं. साहेबांची पोरंबाळं म्हणजे ती नळकांडी, असं लोक मागे म्हणायचे आणि साहेब आले की गप्प व्हायचे. या दोऱ्यांचा एकच शत्रू होता, तो पानांचा अर्क. तो पाण्यात राहिला की दोऱ्यांवर चिकट थर धरतो, छिद्रं बुजतात, प्रेशर चढत जातं. उलटं पाणी सोडून धुतलं तरी तो हटत नाही. मग ब्लीचमध्ये भिजवायचं, आणि ब्लीच दोऱ्यांनाच खातं.

सासरा आणि जावई एकमेकांना पाण्यात पाहत. त्याचं मूळ लग्नाच्याही आधीचं. आप्पा प्लांटचे मुख्य होते तेव्हा साहेब हे नुकतं शिकून आलेलं, मान खाली घालून चालणारं पोरगं होतं. आणि आप्पांचा एक नियम होता: ज्याने चुकीचा जार निवडला, त्याने तो सगळ्यांसमोर प्यायचा. तुरटीसकट, गाळासकट. याला शिकवणं म्हणायचं की छळ, ते ज्याचं त्याने ठरवावं. पिणाऱ्यांचं मत एकच होतं. काहींना तिथल्या तिथे ओकारी यायची, आणि आप्पा म्हणायचे, "आता नाही विसरणार." खरंच कोणी विसरलं नाही.

पावसाळा संपता संपता केमिस्टच्या थोरल्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. तिचं दुसरं कोणी नव्हतं. आठवडाभर तरी जावं लागणार होतं. आणि नेमका हाच असा काळ, की डोंगरावरची सगळी सडकी पानं धुऊन धरणात आलेली असतात आणि पाण्याचा रंग कडक होतो.

निघायच्या दिवशी ती ऑपरेटरशी बोलायला गेली. प्लांटवर त्याला सगळे होयबा म्हणत, त्याच्या बायकोसकट. काहीही सांगा, त्याची मान आधी हलायची आणि कान नंतर ऐकायचे. तिने मनात चार वेळा वाक्य जुळवलं: आप्पांच्या बोटाकडे बघू नकोस, यंत्राकडे बघ. पण होयबाला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत प्लांटला सांगणं, आणि प्लांटला सांगणं म्हणजे आप्पांना सांगणं. नवऱ्याला सांगावं तर त्याच्या हातात हत्यार दिल्यासारखंच झालं असतं. ती बराच वेळ उभी राहिली.

"काय मॅडम?" होयबाने विचारलं.

"काही नाही. मी नसताना सगळं नेहमीसारखं चालू ठेवा. आणि जरा डोस वरच्या बाजूलाच असू द्या. पाणी कडक आहे."

"होय मॅडम. काळजीच करू नका."

तिला वाटलं, "वरच्या बाजूला" यात सगळं आलं. माणसाला जे सांगायची भीती वाटते ते त्याने न सांगताच समोरच्याला कळलंय, असं समजून घ्यायची त्याला मोठी हौस असते. ती बसमध्ये बसली आणि निघून गेली.

होयबाने नेहमीसारखंच चालू ठेवलं. नेहमीसारखं म्हणजे त्याला ठाऊक होतं तसं: आप्पा येणार, बोट ठेवणार, त्या जारचा डोस लावायचा. "वरच्या बाजूला" हे त्याला आठवत होतं, पण आप्पांच्या बोटावर आपण आणखी वर काय चढवणार? एवढा उद्धटपणा त्याच्या रक्तात नव्हता. आप्पांना त्या आठवड्यात फार बरं वाटलं. मुलगी नव्हती तरी प्लांट आपल्यावर चालतोय म्हणून ते दोन पोळ्या जास्त खात होते.

ती परत आली तेव्हा मेम्ब्रेनच्या हॉलमध्ये साहेब प्रेशरच्या काट्यासमोर उभे होते. काटा लाल पट्ट्यात टेकला होता. दोनदा ब्लीच देऊन झालं होतं, ॲसिडही देऊन झालं होतं. एक नळकांडं उघडून जमिनीवर ठेवलं होतं आणि त्यातल्या पांढऱ्या दोऱ्या चहाच्या गाळणीसारख्या तपकिरी, बुळबुळीत झाल्या होत्या. गावाला पाणी एकाआड एक दिवस आणि तेही टँकरने. फाटकाबाहेर बायका हंडे आपटत होत्या.

"डोस कोणी ठरवला?" साहेबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त वाईट होता.

होयबा पुढे आला. त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. "साहेब, आप्पांच्या बोटाबाहेर मी एक थेंब गेलो नाही. मॅडम सांगून गेल्या होत्या, नेहमीसारखं म्हणून. विचारा मॅडमना."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने जमिनीवरच्या दोऱ्यांकडे पाहिलं. तेवढ्यावरून साहेबांना सगळं कळलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "म्हणजे रोज तू डोस बदलत होतीस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस."

तिने त्यांचा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने असा हात कधी धरला नव्हता. "हे बघ, चूक माझी आहे. तुला काय करायचं ते मला कर. पण आप्पांना सांगू नकोस. त्यांना दुसरं काही नाही रे. हे कळलं तर ते परत भिंतीकडे तोंड करतील. तुझ्या पाया पडते."

"मी कशाला सांगू?" साहेब म्हणाले आणि हात सोडवून चहा प्यायला बसले.

त्यांनी शब्द पाळला, हे मान्यच करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी आप्पा प्रयोगशाळेत आले तर खोली भरलेली. पंपवाले, फिटर, पहारेकरी, ऑफिसातल्या दोघी कारकून, सगळे भिंतींना टेकून उभे. साहेब स्वतः टेबलापाशी. जार आधीच लावून, निवळवून ठेवलेले. केमिस्ट आत आली आणि तिचे पायच थबकले.

"या आप्पा," साहेब म्हणाले. "मेम्ब्रेन बुजलंय, तुम्हाला कळलंच असेल. आता आमची अक्कल चालत नाही. म्हटलं, सगळ्यांनी एकदा तुमच्याकडून शिकून घ्यावं."

आप्पांची छाती फुगली. वाईट वाटतं सांगताना, पण फुगली. जावयाने पहिल्यांदा असं म्हटलं होतं, तेही चारचौघांत. "वाळू काढलीस तेव्हाच सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "या दोऱ्याबिऱ्यांचं काही खरं नाही. ठीक आहे. बसू द्या मला."

त्यांनी खुर्ची ओढली. डोळे जारच्या उंचीला आणले. ओठ चावला. केमिस्टने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला ओरडायचं होतं, जार ढकलून द्यायचा होता, निदान खोकायचं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. आप्पांचं बोट सावकाश पुढे आलं आणि डावीकडच्या पहिल्या जारवर टेकलं. त्यात तुरटीच नव्हती. नुसतं धरणाचं पाणी, खोलीतल्या प्रत्येकाला दिसेल असं तपकिरी.

"हा. काय निवळलंय बघा. काचेसारखं."

पहिल्यांदा फिटर हसला. मग कोणाला आवरेना. होयबासुद्धा हसला, कारण सगळे हसत होते.

आप्पांनी मान वळवली. लोक का हसतात ते त्यांना कळेना, पण आपल्यावर हसतात हे कळलं. "काय झालं?"

"काही नाही आप्पा," साहेब म्हणाले. "ते कच्चं पाणी आहे. चहासारखं तपकिरी. तुमचं रोजचं बोट याच बाजूला असतं, असं ऐकलं."

"खोटं आहे. इतके महिने प्लांट माझ्या बोटावर चाललाय. चांगला चाललाय. ही काय, समोर उभी आहे." आप्पांनी काठीने मुलीच्या दिशेने दाखवलं. त्यांच्या आवाजात धाक होता आणि धाकाच्या खाली अगदी लहान मुलाची खात्री होती. "पोरी, सांग यांना. चाललाय की नाही?"

हसणं थांबलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. साहेबांनीही आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली. एक "हो" म्हणायचं होतं. महिनोन्महिने ती रोज म्हणत होती. पण आता "हो" म्हटलं तर बुजलेलं मेम्ब्रेन, गावाचे रिकामे हंडे, सगळं आप्पांच्या बोटाला चिकटलं असतं. "नाही" म्हटलं तर बोटच गेलं. नवऱ्याने दोन्ही दारं बंद करून मगच तिला आत घेतलं होतं.

"नाही, आप्पा," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर मी डोस बदलत होते."

"कधी कधी ना?"

"रोज."

आप्पांचं तोंड थोडं उघडं राहिलं. "माझ्या बोटावर एक दिवससुद्धा नाही?"

ती खरं बोलायला लागली होती, आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता आलं नाही. "मी ताईकडे होते, तो आठवडा. तेवढाच."

खोलीत सगळ्यांना त्या आठवड्याचा अर्थ कळला. आप्पांनाही कळला. डोळ्यांत मोतीबिंदू होता, डोक्यात नव्हता.

मग त्यांनी पहिला जार दोन्ही हातांनी उचलला. कोणी सांगितलं नाही. साहेबांनी बहुतेक एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते त्यांच्या ओठांवरच राहिलं. आप्पांनी तो सबंध जार उभ्यानेच प्यायला. घोट मोठे होते आणि गळ्याची गाठ वरखाली होताना दिसत होती. थोडं पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं. रिकामा जार त्यांनी जागेवर ठेवला, तोंड पुसलं आणि जावयापाशी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकलास, कुठेतरी दिसायला पाहिजेच. निदान तोंडावर केलंस."

मुलीच्या बाजूने ते गेले ते ती तिथे नसल्यासारखे.

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. तेवढं जरी केलं असतं तरी तिने पायाशी बसून माफी मागितली असती. ते वेळेवर उठले, वेळेवर जेवले, जावयाशी मेम्ब्रेनवर तासन्‌तास बोलले. त्याला "अरे" म्हणायचे ते "अरे बाबा" म्हणायला लागले. मुलीशी एक शब्द नाही. तिने ताट वाढलं की जेवायचे, पण पाण्याचा तांब्या ठेवला की उठून स्वतः नळापाशी जायचे आणि ओंजळीने प्यायचे. मोतीबिंदू वाढला होता, आता त्यांना आधी नळ चाचपून शोधावा लागायचा. ती मागे उभी राहून बघायची. मदत करायला गेली तर ओंजळीतलं पाणी सोडून द्यायचे.

वरच्या ऑफिसातून चौकशीवाल्या बाई आल्या. ऑपरेटरची चूक, पाण्याचा रंग अचानक वाढला, असं काहीतरी लिहून प्रकरण मिटवायची सगळ्यांची तयारी होती. बाईंनाही घरी जायची घाई होती. तेवढ्यात आप्पा काठी टेकत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"ऑपरेटरने काही केलं नाही," ते म्हणाले. "इथली केमिस्ट खोटं बोलते. माझ्याशी बोलत होती, त्याच्याशी बोलत होती, साहेबांशी बोलत होती. पाण्याच्या कामात ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं असतं. ही सांगत नाही."

"तुमची मुलगी ना ती?" बाईंनी विचारलं.

"म्हणून तर मला माहीत आहे."

आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हेच फार वाईट होतं. केमिस्टला प्रयोगशाळेतून काढून गावातल्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथे लोक नळाच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या आणायचे, खिडकीतून आत ढकलायचे आणि म्हणायचे, "प्या, प्या ना बाई, एक घोट पिऊन दाखवा." बदलीच्या कागदावर सही साहेबांची होती.

एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "तू बाईंना एक शब्द टाकला असतास तर झालं असतं."

"मी तीनदा प्यायलोय तो जार," साहेब ताटावरून मान वर न करता म्हणाले. "तू तेव्हा कॉलेजातून येऊन प्रयोगशाळेत उभी राहायचीस. आप्पांच्या शेजारी. एकदा हसलीस."

तिला आठवेना. तिने खूप आठवून पाहिलं आणि तसं त्याला सांगितलंही. ते त्याला जास्त झोंबलं. तो ताटावरून उठून गेला.

थंडीत आप्पा स्वतःहून डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार झाले. जावयालाच बरोबर घेऊन गेले. दोन्ही डोळे झाले, आणि सगळं आटोपून आले त्या दिवशी ती दारात उभी होती. खिडकीवरून अर्धा दिवस रजा काढून आली होती, चांगली साडी नेसली होती. आप्पा पायरीवर थांबले आणि त्यांनी नव्या डोळ्यांनी तिला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरीच म्हातारी दिसायला लागलीस की गं," ते म्हणाले.

साहेब हसले. तिलाही हसू आलं. एवढ्या दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले होते. कसंही का असेना, बोलले होते, आणि ती खूश झाली, इतकी की तिचे डोळे भरून आले. ती धावत आत गेली. चांगल्यातला काचेचा ग्लास काढला, दोनदा विसळला, पाणी भरलं आणि त्यांच्या गोळ्या तळहातावर घेऊन बाहेर आली.

आप्पांनी गोळ्या घेतल्या. ग्लासही घेतला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. पाण्यात कण नव्हता, रंग नव्हता, पलीकडची त्यांची स्वतःची बोटंसुद्धा स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी तो ग्लास जावयापुढे धरला.

"बघ रे बाबा, पिण्यासारखं आहे का? हिने आणलंय."

साहेबांनी ग्लास घेतला, उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेऊन जिभेवर फिरवला. कामाची कुठलीच पायरी त्यांनी गाळली नाही.

"ठीक आहे, आप्पा. प्या."

आप्पा प्यायले. रिकामा ग्लास परत घ्यायला तिने हात पुढे केला होता. आप्पांनी तो जावयाच्या हातात दिला आणि जावयाने तिच्या हातात ठेवला.

"धुऊन ठेव," साहेब म्हणाले.

तिने तो नेऊन धुतला.